रात्री ओ कोण देतं?

हातखंब्याच्या अलीकडे गाडी हमरस्ता सोडून आत वळते तेव्हा साडेपाच होत आलेत. दोन्ही बाजूंना कापलेलं भात पसरलंय. परतीच्या पावसाचे ढग दाटून आलेत, म्हणून बायका भारे उचलायच्या घाईत आहेत. पुढच्या सीटवर आत्या बसलीय, मांडीवर औषधांची फाइल घेऊन. वॉकर डिकीत आहे. दादा, म्हणजे तिचा मुलगा, कालच डोंबिवलीहून आलाय. वृद्धाश्रमवाले सकाळची वेळ देत होते. आत्याने दादाच्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं, "दिवेलागणीला येऊ. सकाळी सगळीच घरं झाडलेली असतात."

हे सगळं एका रात्रीतून सुरू झालंय. श्रावणात, भर पावसात, आत्या मागच्या पडवीतून न्हाणीकडे जाताना पडली. डावा खुबा मोडला. पहाटेपर्यंत ती हाका मारत होती. शेजारची घरं कुलपात. ती गणपतीत उघडतात आणि मे महिन्यात उघडतात. उजाडल्यावर दुधाचा रतीब घालणारा आला, तेव्हा ती कुणाच्या तरी दृष्टीस पडली. शस्त्रक्रिया नीट झाली, आता ती वॉकरवर चालते. डोंबिवलीची जागा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रात्रीची बाई मिळते, टिकत नाही.

आमच्या जिल्ह्यात ही एका घराची गोष्ट नाही. 2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात 16,96,777 माणसं होती, 2011 मध्ये 16,15,069 उरली. हजार पुरुषांमागे 1,122 बायका. मुंबईने तरणी माणसं नेली आणि वाड्यांतून म्हाताऱ्या बायका राहिल्या. त्यांच्या रात्रीचा हिशोब कुणी मांडलेला नाही.

फाटकाशीच एक आजी उभ्या आहेत, हातात कपड्यांचं गाठोडं. "पोरं शाळेतून येतील, मला सोडा," म्हणून त्या गयावया करतायत. विसरभोळेपणाचा आजार असलेल्यांचा जीव तिन्हीसांजेला जास्त कासावीस होतो, हे डॉक्टरही सांगतात. एक मावशी येते. 'तुमची पोरं आता मोठी झाली' असलं काही ती बोलत नाही. "येतील ना. तोवर एवढी माठाची भाजी निवडून देता का? मला एकटीला उरकत नाही," म्हणते. आजी गाठोडं खाली ठेवतात आणि भाजीला बसतात. मला वाटतं, आमचा अर्धा निर्णय इथेच झाला. सकाळी दहाला आलो असतो तर हे दिसलंच नसतं.

व्यवस्थापक मॅडम आधी बाग दाखवतात, मग प्रार्थनेचा हॉल, भिंतीवरचे वाढदिवसाचे फोटो. आत्या म्हणते, "संडास कुठे आहे?" आत जाते, दार लावून घेते. आम्ही तिघं बाहेर. बऱ्याच वेळाने बाहेर येते. "कडी आतून लागते आणि बाहेरूनही उघडते, हे बरं केलंत. भांडं उंच आहे. पण धरायचा दांडा उजवीकडे आहे, मला डाव्या हाताला लागेल." मॅडम वहीत लिहून घेतात. दादाच्या यादीत सीसीटीव्ही होता, वायफाय होतं, पार्किंग होतं. दांडा नव्हता. माझ्याही यादीत नव्हता.

जेवणं साडेसातला. मऊ भात, मुगाची आमटी, दुधी. आत्या ताटाकडे बघून विचारते, "आणि मासे?" बुधवारी आणि रविवारी मिळतात. बांगडा मात्र देत नाहीत, काट्यांमुळे. मोरी किंवा सुरमई. "मोरी चालेल," आत्या म्हणते. एका ठिकाणी शुद्ध शाकाहारी म्हटल्यावर तिने फोनच ठेवला होता. दादा तेव्हा चिडला. मला तिचं पटलं होतं. ऐंशी वर्षं भाकरीबरोबर जे खाल्लं ते एका सहीने सोडायला का लावावं?

मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत. चालतं-फिरतं माणूस असेल तरच घेऊ, अशी पुष्कळ ठिकाणांची अट असते. म्हणजे खरी गरज लागेल त्या दिवशी पुन्हा नवं दार शोधायचं. इथे ठेवून घेतात. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी कागद लावलाय: डावी कूस, पाठ, उजवी कूस, दर दोन तासांनी, समोर सही. सहाची सही झालीय, आठची अजून व्हायचीय. मी सिस्टरना विचारते, पाठीला जखम किती जणांना आहे? "एका आजींना. हॉस्पिटलमधून आल्या तेव्हाच होती, आता भरत आलीय," म्हणत त्या ड्रेसिंगची वही उघडून दाखवतात. 'कुणालाच नाही' हे उत्तर आलं असतं तर मी धास्तावले असते.

आणि वीज जाते. बाहेर पाऊस सुरू झालाय. पॅसेजमधले दिवे इन्व्हर्टरवर लागतात, कोपऱ्यातल्या आजोबांचं ऑक्सिजनचं मशीन चालू राहतं. आत्या रिकाम्या खाटेवर आडवी होते आणि उशाशी असलेली बेल दाबते. वाजत नाही. पुन्हा दाबते. बेलची लाइन इन्व्हर्टरवर घेतलेलीच नाही. मॅडम ओशाळतात. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाते आणि कधी येते, हे काय सांगायला हवं?

"मग हाक मारून बघते," आत्या म्हणते. आडव्यानेच, घशातून जेवढा निघेल तेवढा आवाज काढून: "अगो, कोण आहे का?"

"ओ! आले, आले!" पॅसेजच्या टोकाकडून आवाज येतो आणि मागोमाग चपलांची फटफट. रात्रपाळीची मावशी, छत्री अजून हातातच. "काय हो आजी, काय हवं?"

"काही नको," आत्या म्हणते. दादा खिडकीकडे तोंड फिरवतो.

आठला पाळी बदलते. दिवसाची मावशी रात्रीच्या मावशीला खाटेखाटेशी नेऊन सांगते: ह्यांनी दुपारी जेवण टाकलं, ह्यांची शुगर तपासायचीय, ह्यांना आज मुलाचा फोन आला नाही, जरा बोला. बत्तीस माणसांना रात्री दोन मावशी आणि एक सिस्टर. पुरेशा? मला तिसरी मावशी हवी होती. वेळ पडली तर 108 च्या रुग्णवाहिकेला फोन, आणि ती यायला उशीर झाला तर संस्थेची गाडी. ड्रायव्हर आवारातच राहतो.

ऑफिसात ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा कागद आहे, 14567. दादा हळूच म्हणतो, "लोक म्हणतील, आईला टाकली." आई-वडिलांना टाकणाऱ्यांसाठी 2007 चा कायदा आहे, प्रांतांपुढे अर्ज करता येतो, महिना 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. दादासारख्यांसाठी तो नाही. त्याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल एवढा तरी आश्रम असावा असंही म्हटलंय, आणि मला ते कलम जास्त छळतं. आत्याला मामांची, म्हणजे तिच्या शिक्षक नवऱ्याची, पेन्शन आहे म्हणून आम्ही या खुर्च्यांवर बसलोय. तिच्याच वाडीत मजुरीवर आयुष्य काढलेल्या बाया आहेत. त्याही पडतात.

छापील कराराची पानं दादा वाचतो. अनामत, डायपरचा खर्च वेगळा, डॉक्टरची भेट वेगळी, सोडायचं तर महिनाभर आधी कळवायचं. रात्रीच्या माणसांबद्दल अवाक्षर नाही. "हे हाताने लिहा," आत्या सांगते. मॅडम क्षणभर थांबतात, मग पेन उघडतात: रात्री दोन मदतनीस व एक परिचारिका हजर राहतील, बेल आठ दिवसांत इन्व्हर्टरवर घेतली जाईल, न्हाणीत डाव्या बाजूला दांडा बसवला जाईल.

"आणि गणपतीचे पाच दिवस मी माझ्या घरी," आत्या म्हणते. "त्याचे पैसे कापायचे."

"जेवणाचे कापू आजी, खाटेचे नाही कापता येत."

"बरं. जेवणाचे तर जेवणाचे. बायो, तू वाचून दाखव बघू सगळं पहिल्यापासून, मला हे अक्षर लागत नाही."