संशोधनाची सूची कशी चाळावी?

रानात माकड मरून पडलेले दिसले की गावात धास्ती पसरते. गोव्यातील सत्तरी तालुक्यात २०१५ साली व लगतच्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडतापाच्या साथी उद्भवल्या. नावात माकड असले, तरी हा रोग माणसास होतो तो मुख्यत्वे गोचिडांच्या चाव्यामुळे. काजूच्या बागांत व रानात राबणाऱ्यांना त्याचा धोका अधिक असतो. साहजिकच गावकरी शिक्षकाला किंवा आरोग्यसेवकाला विचारतात, "यावर लस आहे का?" अशा प्रश्नाचे उत्तर ऐकीव माहितीवर देणे इष्ट नव्हे. ते संशोधनाच्या आधारे कसे शोधावे, याचा परिचय येथे करून दिला आहे.

वैद्यकीय लेखांची सूची करण्याचे कार्य अमेरिकेत जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली 'इंडेक्स मेडिकस' या छापील सूचीने सुरू केले. तेथील राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९६४ मध्ये या कामी संगणकाची जोड दिली. १९९७ पासून 'पबमेड' या नावाने ही सूची इंटरनेटवर सर्वांस विनामूल्य खुली आहे. वैद्यक व जीवशास्त्रातील साडेतीन कोटींहून अधिक लेखांच्या नोंदी तीत आहेत.

एवढ्या भांडारात नेमके शोधण्यासाठी प्रथम शब्द निश्चित करावेत. ते इंग्रजीत द्यावे लागतात. माकडतापाचे शास्त्रीय नाव 'क्यासनूर फॉरेस्ट डिसीज'. शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात १९५७ साली हा रोग प्रथम ओळखला गेला, म्हणून हे नाव पडले. केवळ 'मंकी फीवर' असे लिहून थांबल्यास बरेच लेख निसटण्याचा संभव असतो. म्हणून दोन्ही नावे 'ऑर' या शब्दाने जोडावीत व कंसात ठेवावीत. त्यापुढे 'अँड' लिहून 'व्हॅक्सीन' हा शब्द द्यावा. 'ऑर'ने शोधाचा व्याप वाढतो, 'अँड'ने तो आटोपशीर होतो. हे जोडशब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावेत.

नोंदी समोर आल्यावर सर्वांत महत्त्वाची दक्षता म्हणजे लेखाचे वर्ष पाहणे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लसीच्या दोन मात्रांनी ९३ टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळते, असा निष्कर्ष आढळतो. तेवढाच वाचणारा निश्चिंत होईल. परंतु २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, २००५ ते २०१० या काळातील कर्नाटकाच्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासात हेच प्रमाण सुमारे ६२ टक्के आढळले. पुढे कर्नाटकात त्या लसीचा वापर थांबविण्यात आला. जुना लेख खोटा नव्हता; पण त्यावर विसंबून "लस आहे, काळजी नको" असे सांगणे मात्र एखाद्याच्या जिवावर बेतू शकते.

आणखी काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. सूचीत लेख असणे म्हणजे ग्रंथालयाने त्याच्या निष्कर्षांस दिलेली मान्यता नव्हे. मागे घेतलेल्या लेखावर तशी खूण केलेली असते. ती आवर्जून पाहावी. केवळ सारांशावर भिस्त ठेवू नये. शक्य तेथे संपूर्ण लेख वाचावा. २००० साली सुरू झालेल्या 'पबमेड सेंट्रल'वर असंख्य लेख पूर्णपणे विनामूल्य उपलब्ध आहेत. एकाच विषयावरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणारे लेख निवडण्याचीही सोय सूचीत आहे.

अर्थात, सूची हा वैद्याचा पर्याय नव्हे. ताप आल्यास दवाखान्यातच जावे. मेलेल्या माकडास हात न लावता आरोग्य केंद्रास त्वरित कळवावे, रानात जाताना अंगभर कपडे घालावेत व परतल्यावर अंगावर गोचीड नाही ना, हे पाहावे. शाळेत वा ग्रामपंचायतीत जेथे संगणक आहे, तेथे शिक्षकांनी विद्यार्थ्यांस सोबत घेऊन असा शोध एकदा अवश्य घेऊन पाहावा. गावाच्या प्रश्नाला वर्ष व आधार यांसह उत्तर देता येणे, हीच खरी लोकशिक्षणाची सेवा होय.