एरंडेलात अडकलेली इंजिनं

मॉडेल विमानाचं जुनं इंजिन हातात आलं, की माणूस आधी पंखा फिरवून बघतो. पंखा हलत नाही. मग जोर लावतो. मग पक्कड आणतो. ‘जाम झालंय’ असा निकाल लागतो, आणि त्यानंतरच्या पाच मिनिटांत जे नुकसान होतं ते आधी डब्यात पडून काढलेल्या कित्येक वर्षांत झालेलं नसतं. या छंदातले मुरलेले लोक जाम इंजिनाला घाबरत नाहीत. आपल्या आधी कुणी ते सोडवायला गेलं होतं का, हे मात्र ते पहिल्यांदा तपासतात. शाफ्टवर पकडीचे दात, स्क्रूच्या झिजलेल्या खाचा, सिलिंडरवर वाइसच्या जबड्याचे वळ असं काही दिसलं, की इंजिनाचा भाव तिथल्या तिथे पडतो.

इंजिन तरी केवढं? अमेरिकेतल्या कॉक्स कंपनीचं १९५६ सालचं ‘बेब बी’ जेमतेम ०.८ सीसीचं, मागच्या इवल्याशा टाकीसकट साधारण ५० ग्रॅम वजनाचं. त्यात पिस्टनला रिंग नाही. पोलादी पिस्टन आणि पोलादी सिलिंडर एकमेकांत इतके बारीक घासून बसवलेले, की त्या फटीत फक्त तेलाचा पापुद्रा राहतो. जोडी ठरलेली असते. एकाचा पिस्टन दुसऱ्याच्या सिलिंडरात चालेलच याची खात्री नाही. एवढ्याशा फटीतलं तेल वाळलं तर यंत्र बंद पडणारच.

या इंजिनांचा इतिहास ‘बेब बी’हून थोडा जुना. १९३० च्या दशकात अमेरिकेत बिल ब्राउन यांचं ‘ब्राउन ज्युनिअर’ आलं. १९३३ च्या राष्ट्रीय स्पर्धांत मॅक्सवेल बॅसेट या तरुणाच्या विमानानं ते वापरून रबराच्या पिळावर उडणाऱ्या विमानांना असं मागे टाकलं, की पुढे इंजिनवाल्यांचा गटच वेगळा करावा लागला. ती इंजिनं ठिणगीवर चालत. म्हणजे विमानात बॅटरी, कॉइल, कंडेन्सर हा सगळा संसार वाहून न्यावा लागे. १९४७ मध्ये रे आर्डेन यांचा ग्लो प्लग बाजारात आला आणि ते ओझं उतरलं. प्लॅटिनमयुक्त तारेची बारीक गुंडाळी दीड व्होल्टच्या सेलनं एकदा लाल करायची आणि इंजिन सुरू झालं की सेल काढून घ्यायचा. इंधनातल्या मिथेनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांच्यातल्या क्रियेमुळे, शिवाय आतल्या उष्णतेमुळे तार पेटलेलीच राहते. हौशी लोकांनी मग जुन्या इंजिनांचे ठिणगीचे पॉइंट उपटून फेकून दिले. आज संग्राहक तेच पॉइंट शोधत हिंडतात.

मिथेनॉल आलं तसं वंगण म्हणून एरंडेलही पक्कं झालं. खनिज तेल मिथेनॉलमध्ये मिसळत नाही, एरंडेल छान मिसळतं आणि भयंकर तापल्यावरही धातूला धरून राहतं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची रोटरी इंजिनं याच वंगणावर चालत. आपल्याकडे लहानपणी ज्याच्या नावानं पोरं पलंगाखाली लपायची, ते हेच. जगातलं बहुतेक एरंडेल आज भारतातून जातं, त्यातही मुख्यतः गुजरातेतून. अमेरिकेतल्या एखाद्या माळ्यावर अडकलेल्या इंजिनात आपल्याकडच्या शेतातला थेंब असेलही.

विमान उडवून झाल्यावर एखाद्या मुलानं इंजिन न पुसता खोक्यात टाकलं. पुढे तो मोठा झाला, नोकरीला लागला. आत राहिलेलं एरंडेल हवेतल्या ऑक्सिजननं हळूहळू घट्ट झालं, चिकट झालं आणि शेवटी तपकिरी लाखेसारखं कडक बसलं. याला बिघाड म्हणायला मी तयार नाही. त्या लाखेखालचं पोलाद बहुतेक वेळा चकचकीत असतं, कारण दमट हवेला आत शिरायला जागाच उरत नाही. खरा शत्रू गंज. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि नुसतं कृत्रिम तेल वापरून तसंच ठेवलेलं इंजिन उघडलं तर बॉल बेअरिंग लालभडक निघतात. एरंडेल पिऊन जाम झालेलं इंजिन बरं, कोरडं राहून मोकळं फिरणारं नव्हे, असं मी कुणालाही सांगेन.

म्हणून आधी बघायचं, मग हात लावायचा. ग्लो प्लग काढून वरून आणि एक्झॉस्टच्या खिडकीतून विजेरी मारायची. पिस्टनवर मधासारखी तकाकी दिसली तर आनंद. लाल पूड दिसली तर सावध. माती दिसली, म्हणजे विमान कधीतरी नाकावर आपटलं होतं, आणि मग एक फेरासुद्धा फिरवायचा नाही; वाळूचा एक कण त्या घासून बसवलेल्या जोडीची वाट लावतो.

नुसतं एरंडेल असेल तर औषध एकच, ऊब. एक्झॉस्टमधून आणि प्लगच्या भोकातून पातळ तेलाचे थेंब सोडायचे, इंजिन थोडा वेळ तसंच ठेवायचं आणि मग हीट गननं सगळीकडून सावकाश तापवायचं. प्लास्टिकची टाकी, रबरी रिंगा आधी काढून. तापता तापता तो ओळखीचा, काहीसा मळमळता वास सुटतो. खिडकीच्या कडेला तपकिरी रस पाझरतो. जाड कापडात इंजिन धरून पंख्याला जरा पुढे, जरा मागे असं झुलवायचं. आधी काहीच होत नाही. पुन्हा ऊब, पुन्हा तेल. मग पंखा केसभर हलतो. इथेच माणसाचा संयम सुटतो. पंखा म्हणजे लांब तरफ आणि आतला कनेक्टिंग रॉड काडीएवढा. एक हिसका दिला की वाकलाच. केसभराचं बोटभर होईपर्यंत थांबायचं.

एक गोष्ट नवख्यांना हमखास फसवते. अनेक इंजिनांत सिलिंडर वरच्या टोकाला मुद्दाम किंचित अरुंद ठेवलेला असतो. पितळी लायनरवर क्रोम चढवून त्यात ॲल्युमिनियमचा पिस्टन घातलेल्या इंजिनांत तर थंड असताना वर येताच पिस्टन चक्क अडतो. इंजिन तापलं की लायनर फुगतो आणि जागा होते. त्याला जाम समजून पॉलिश पेपर फिरवणारे महाभाग आहेत. त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन गेलं म्हणजे गेलं.

सुटं करतानाही हीच तऱ्हा. आधी ऊब, मग नेमक्या मापाचा स्क्रू-ड्रायव्हर. कॉक्सच्या सिलिंडरला स्वतःचा पाना असतो. तो नसला की लोक एक्झॉस्टच्या फटीत स्क्रू-ड्रायव्हर खुपसून फिरवतात आणि फटीची कड पिस्टनवर चढते. ‘फॉक्स ३५’सारख्या इंजिनाच्या पिस्टनच्या डोक्यावर एक उभी भिंत असते. नवं मिश्रण आत येताना सरळ एक्झॉस्टमधून निघून जाऊ नये म्हणून ती. जोडताना ती भिंत मिश्रण येतं त्या बाजूला हवी, उलटी बसली तर इंजिन नीट चालत नाही. उघडतानाच कुठला भाग कुठे तोंड करून होता त्याची खूण करून ठेवावी.

बाहेरचा जळका थर काढायला परदेशी मंडळी गाडीच्या रेडिएटरमधलं कूलंट मंद आचेवर तासन्‌तास गरम करून त्यात सुटे भाग बुडवतात. थर सुटून खालचं ॲल्युमिनियम उजळतं. पण ते द्रव विषारी, वाफाही वाईट. भांडं कायमचं वेगळं ठेवायचं, काम मोकळ्या हवेत करायचं. कॉस्टिक सोड्याच्या वाटेला जाऊ नये, तो ॲल्युमिनियमच खातो. ‘डूलिंग ६१’सारख्या जुन्या रेसिंग इंजिनांचे सांगाडे मॅग्नेशियमचे, त्यांच्यावर तर कुठलाच प्रयोग नको.

ब्रिटनमधल्या ‘मिल्स’सारख्या डिझेल इंजिनांचं दुखणं वेगळं. त्यांना प्लगच नसतो. रॉकेल, ईथर आणि एरंडेल यांचं मिश्रण नुसत्या दाबानं पेटतं, आणि दाब कमी-जास्त करायला वर एक दुसरा छोटा पिस्टन असतो. अडकतो तो हा. वरचा स्क्रू मागे घेऊन डोकं तापवलं की बहुधा सुटतो. भारतातही या मिल्सच्या प्रतिकृती बनल्या. आपल्याकडे अशी इंजिनं गुरगुरताना अनेकांनी पाहिली ती एनसीसीच्या एअर विंगमध्ये, दोरीवर गोल गोल फिरणाऱ्या विमानांत.

जोडलेल्या इंजिनाची पहिली परीक्षा हातानं होते. पंखा वरच्या दाबापर्यंत आणून सोडला की तो टणकन मागे उसळला पाहिजे. मग इंजिन फळीवर घट्ट आवळून, एरंडेल भरपूर असलेलं इंधन घालून, इंधनाची सुई दोन-तीन फेरे उघडी ठेवून चालवायचं. बोटानं नव्हे, काठीनं पंखा मारायचा. मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही, एवढं लक्षात ठेवायचं. आधी आवाज जाडा, अडखळता येतो. इंधन जास्त असल्याची ती खूण, आणि पहिल्या वेळी तसंच चालू द्यावं. सुई जरा आवळली की तोच आवाज एकदम चढून किंचाळायला लागतो. जुन्या इंजिनाला त्या सुरात फार वेळ ठेवू नये.

काही संग्राहक मात्र चालवतच नाहीत. मूळ खोक्यातलं, कधीच न पेटलेलं इंजिन जास्त किमतीला जातं, हे खरंच. तसं सापडलं तर मीही त्याला काडी लावणार नाही. पण एकदा चाललेलं, एकदा जाम झालेलं इंजिन काचेच्या कपाटात ठेवण्यात मला काही अर्थ दिसत नाही, विशेषतः कॉक्सचं. त्यांचं मूळ उत्पादन थांबलं तरी सुटे भाग अजून मिळतात. ते चालवावं, उरलेलं इंधन जाळून संपवावं, आत पातळ तेलाचे थेंब सोडून पंखा चार वेळा फिरवावा आणि पुढच्या रविवारी पुन्हा बाहेर काढावं.