जुन्या मॅटाडोर कॅम्परमधला शॉर्ट कसा शोधायचा

छत्रपती संभाजीनगरच्या उन्हात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीच्या वायरिंगचं आवरण सुकून तडकतं. म्हणून बजाज टेम्पोची (म्हणजे आजची फोर्स मोटर्स) जुनी मॅटाडोर कॅम्पर करून फिरवणाऱ्या मित्रांसाठी ही पोस्ट.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय? नवे फ्यूज जाळत बसू नका. उडालेला फ्यूज काढून त्या जागी इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब जोडा. त्या सर्किटवरचे दिवे, पंखा, पंप सगळं बंद ठेवा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, पण करंट पावणेदोन अँपियरच्या आसपासच राहतो आणि वायर वाचते. आता वायरिंग हळूहळू हलवत, एकेक जोड सोडवत पुढे सरका. हलवताना बल्ब जिथे विझेल, दोष तिथेच; जोड सोडवल्यावर विझला, तर दोष त्या जोडाच्या पुढे. मला ही पद्धत मीटरपेक्षा सरस वाटते. गाडीखाली झोपूनही उजेड दिसतो.

पहिली नजर पत्र्याच्या भोकांवर टाका. रबरी ग्रोमेट कडक होऊन निखळलं की पत्र्याची कड वायर कापते. मग मागच्या दिव्यांचे गंजलेले होल्डर, दाराच्या बिजागरीजवळच्या वायरी, उंदरांनी कुरतडलेल्या जागा. कॅम्पर करताना नंतर ओढलेल्या वायरींवर माझा संशय सगळ्यात जास्त असतो.

दुसरी बॅटरी बसवली असेल, तर तिच्या पॉझिटिव्ह टोकाजवळच फ्यूज हवा. आणि फ्यूजच्या जागी तार किंवा चांदीचा कागद कृपया कधीच लावू नका. आत गॅसची शेगडी असते.