भारतातील लघुउद्योगांचे ऑनलाइन अस्तित्व

भारतातील लघुउद्योगांचे ऑनलाइन अस्तित्व म्हणजे सूक्ष्म व लघू उद्योजकांनी आंतरजालावर निर्माण केलेली ओळख, विक्रीची व्यवस्था आणि ग्राहकाशी संपर्क ठेवण्याची साधने होत. नकाशावरील दुकानाची नोंद, व्हॉट्सअॅपवरील वस्तुसूची, स्वतःचे संकेतस्थळ, ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांसारख्या बाजारमंचांवरील विक्रेता खाते आणि क्यूआर संकेताद्वारे पैसे स्वीकारण्याची सोय ही त्याची प्रमुख अंगे आहेत. या उद्योगांना साहाय्य करणाऱ्या शासकीय योजना मुख्यतः नोंदणी, कर्ज व प्रशिक्षण यांभोवती रचलेल्या आहेत, तर प्रत्यक्ष ऑनलाइन विक्री बहुतांशी खाजगी कंपन्यांच्या मंचांवर चालते. त्यामुळे ग्राहक नेमका कोणाचा, उद्योजकाचा की मंचाचा, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न ठरला आहे.

पार्श्वभूमी

भारतात ऑनलाइन व्यापारी सूचीची सुरुवात १९९६ मध्ये झाली. त्या वर्षी इंडियामार्ट आणि जस्टडायल या दोन कंपन्या स्थापन झाल्या. जस्टडायलचा आरंभ मुंबईतून दूरध्वनीवर माहिती देणाऱ्या सेवेच्या रूपाने झाला, तर इंडियामार्टने घाऊक खरेदीदार व उत्पादक यांची गाठ घालून देण्याचे काम केले. या टप्प्यात ऑनलाइन असणे म्हणजे सूचीत नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक असणे एवढाच अर्थ होता. भाव ठरवणे, माल पाठवणे आणि पैसे वसूल करणे ही कामे पूर्वीप्रमाणेच होत. फ्लिपकार्ट २००७ मध्ये पुस्तकविक्रीने सुरू झाले व ॲमेझॉनने जून २०१३ मध्ये भारतात बाजारमंच उघडला, तेव्हा ही तिन्ही कामे मंचाकडे जाऊ लागली.

पैशांच्या देवघेवीत बदल घडवला तो २०१६ मध्ये भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने सुरू केलेल्या यूपीआय प्रणालीने. जानेवारी २०२० पासून यूपीआय व्यवहारांवर व्यापाऱ्याकडून आकारले जाणारे शुल्क शून्य करण्यात आले. भाजीविक्रेत्याला कार्ड यंत्राचे भाडे परवडत नसे. छापील क्यूआर संकेताचा कागद मात्र कोणालाही परवडतो.

मार्च २०२० मधील टाळेबंदीने या सर्व गोष्टींना वेग दिला. कोकणातील हापूसचा हंगाम नेमका त्याच काळात येतो. बाजार समित्यांचे व्यवहार विस्कळीत झाल्यावर अनेक बागायतदारांनी व्हॉट्सअॅप गटांतून मागणी नोंदवून मुंबई-पुण्यातील गृहनिर्माण संस्थांपर्यंत थेट पेट्या पोचवल्या. अडत्याशिवाय विक्री होऊ शकते हे त्यातून दिसले. पेटीत फळ खराब निघाल्यास उत्तर द्यायला मधे कोणी नसते, हेही त्याच वेळी कळले.

नोंदणी व अर्थसाहाय्य

सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ हा या क्षेत्राचा मूलभूत कायदा आहे. १ एप्रिल २०२५ पासून लागू असलेल्या वर्गीकरणानुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २.५ कोटी व वार्षिक उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असल्यास उद्योग सूक्ष्म, तर गुंतवणूक २५ कोटी व उलाढाल १०० कोटी रुपयांपर्यंत असल्यास लघू समजला जातो. उलाढाल मोजताना निर्यातीची रक्कम वगळली जाते.

१ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी आधार व पॅन क्रमांकांच्या साहाय्याने ऑनलाइन होते आणि ती पूर्णतः निःशुल्क आहे. तरीही अधिकृत संकेतस्थळाशी मिळतीजुळती दिसणारी अनेक खाजगी संकेतस्थळे याच कामासाठी पैसे घेतात. शोधयंत्रात जाहिराती वर दिसत असल्याने नवउद्योजक प्रथम तेथेच पोचतो. ऑनलाइन जगातील त्याचा पहिला खर्च पुष्कळदा असा, मुळीच आवश्यक नसलेला असतो. वस्तू व सेवा कराची नोंदणी नसलेल्या अतिसूक्ष्म व्यावसायिकांसाठी जानेवारी २०२३ मध्ये उद्यम असिस्ट हा स्वतंत्र मंच सुरू झाला. त्यावर बँका व वित्तसंस्थांमार्फत नोंदणी होते. किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी खुली झाली असली, तरी त्यांना मिळणारा लाभ अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरता मर्यादित आहे.

कर्जयोजनांपैकी ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेली प्रधानमंत्री मुद्रा योजना सर्वपरिचित आहे. तिच्या शिशु गटात ५० हजार, किशोर गटात ५ लाख व तरुण गटात १० लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. तरुण गटातील कर्ज फेडलेल्यांना २०२४ पासून २० लाखांपर्यंत कर्ज घेता येते. मोठ्या रकमेसाठी केंद्र सरकार व सिडबी यांनी २००० मध्ये स्थापन केलेला पत हमी न्यास बँकेला हमी देतो. ही हमी बँकेसाठी असते, कर्जदाराची परतफेडीची जबाबदारी तिने संपत नाही. याबाबत गैरसमज सर्रास आढळतो. पथविक्रेत्यांसाठी जून २०२० मध्ये आलेल्या पीएम स्वनिधी योजनेत आणि सप्टेंबर २०२३ मधील पीएम विश्वकर्मा योजनेत डिजिटल व्यवहारांवर प्रोत्साहन रक्कम देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात जिल्हा उद्योग केंद्रे, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र, महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) व बचत गटांसाठीचे ‘उमेद’ अभियान या यंत्रणा मार्गदर्शन व प्रशिक्षण देतात.

या योजनांमधून यंत्र, कच्चा माल व दुकान यांसाठी भांडवल उभे राहते. वस्तूचे चांगले छायाचित्र, अचूक वर्णन, टिकाऊ वेष्टन किंवा परत आलेल्या मालाचे नुकसान यांसाठीचा खर्च प्रकल्प अहवालात क्वचितच दाखवला जातो, आणि ऑनलाइन विक्री बहुधा तेथेच अडते.

स्वतःची साधने

गूगलवरील व्यवसाय नोंद आणि २०१८ मध्ये आलेले व्हॉट्सअॅप बिझनेस ही निःशुल्क साधने स्थानिक ग्राहकांवर चालणाऱ्या व्यवसायांना सहसा पुरेशी ठरतात. शिंपी, गिरणी, खाणावळ, दुरुस्तीचे दुकान यांना देशभर माल पाठवायचा नसतो. त्यांना परिसरातील ग्राहकाला दुकान उघडे आहे की नाही, हे कळवायचे असते. वेळ, सुट्टीचा वार व चालू दूरध्वनी क्रमांक बिनचूक ठेवणे येथे आकर्षक संकेतस्थळापेक्षा अधिक उपयोगी पडते.

भाषेचा मुद्दा त्याला जोडूनच येतो. महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्या मराठीत असणे कायद्याने बंधनकारक आहे. परंतु त्याच दुकानाची नकाशावरील नोंद केवळ इंग्रजीत असते आणि देवनागरीत शोधणाऱ्याला ती सापडेलच असे नाही. ऑगस्ट २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाम मराठीसह अनेक भाषांसाठी उपलब्ध आहे. व्यापारी वर्गात त्याचा प्रसार मात्र मर्यादित राहिला.

स्वतःच्या संकेतस्थळाबाबत मालकी हा कळीचा विषय असतो. क्षेत्रनाम, नकाशावरील नोंद आणि समाजमाध्यम खाते अनेकदा ते तयार करून देणाऱ्या व्यक्तीच्या ईमेलवर किंवा घरातील एखाद्या तरुणाच्या दूरध्वनी क्रमांकावर उघडलेले असते. तो संबंध तुटला किंवा क्रमांक बंद झाला, की वर्षानुवर्षे साठलेले अभिप्राय व ग्राहक एकाच दिवशी हाताबाहेर जातात. त्यामुळे नोंदणी मालकाच्या नावे असणे आणि गुप्तशब्द त्याच्याकडे असणे ही पहिली काळजी मानली जाते.

बाजारमंचावरील विक्री

थेट परकीय गुंतवणुकीच्या नियमांनुसार परकीय भांडवल असलेल्या बाजारमंचाला स्वतःचा साठा विकता येत नाही. तो विक्रेता व ग्राहक यांना जोडणारा मध्यस्थ असतो. लघुउद्योजकाला यातून देशभराचा ग्राहक, वाहतूक आणि पैशांची वसुली एकत्र मिळते. त्याबदल्यात कमिशन, वाहतूक शुल्क व अनेकदा जाहिरातीचा खर्च द्यावा लागतो.

हिशेब एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होतो. कर बाजूला ठेवून, ५०० रुपयांना विकल्या जाणाऱ्या वस्तूचा उत्पादनखर्च ३०० रुपये, मंचाची आकारणी ७५ रुपये व वाहतूक ६५ रुपये धरली, तर एका विक्रीमागे ६० रुपये उरतात. पाच मागण्यांपैकी एक परत आली व दोन्ही बाजूंची वाहतूक विक्रेत्यावर पडली, तर चार विक्रींचे २४० रुपये आणि परतीचे १३० रुपये वजा जाता पाच मागण्यांवर मिळून ११० रुपयेच राहतात. परत आलेली वस्तू पुन्हा विकण्याजोगी नसेल, तर १९० रुपयांचा तोटा होतो. कपडे व पादत्राणे यांत मापाच्या घोळामुळे परतीचे प्रमाण अधिक असते. एका विक्रीवरील नफा पाहून किंमत ठरवणारा विक्रेता त्यामुळे भरपूर मागणी असतानाही तोट्यात जाऊ शकतो.

करांच्या बाबतीत १ ऑक्टोबर २०२३ पासून महत्त्वाची सवलत मिळाली. त्यापूर्वी ऑनलाइन मंचावर वस्तू विकणाऱ्याला उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी घ्यावी लागे. आता उलाढाल मर्यादेच्या आत असलेल्या व केवळ आपल्या राज्यात माल पाठवणाऱ्या विक्रेत्याला, नावनोंदणी क्रमांक घेऊन, या अटीतून सूट आहे. राज्याबाहेर विक्री करायची झाल्यास मात्र जीएसटी नोंदणी अनिवार्य ठरते. बेळगावचा ग्राहक त्यामुळे कोल्हापूरच्या नोंदणीविरहित विक्रेत्याला, तासा-दोन तासांच्या अंतरावर असूनही, या मंचांवर मिळत नाही.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये शोधात वस्तूंचा क्रम कोणत्या प्रमुख निकषांवर लावला जातो, हे मंचाने सांगणे आवश्यक आहे. विक्रेत्याने खोटे अभिप्राय टाकणेही निषिद्ध आहे. ठरावीक विक्रेत्यांना झुकते माप दिल्याच्या तक्रारींवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन व फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला होता.

मंचांवरील अवलंबित्व कमी करण्याच्या हेतूने डिसेंबर २०२१ मध्ये ओएनडीसी ही ना-नफा कंपनी स्थापन झाली. यात ग्राहकाचे ॲप व विक्रेत्याचे ॲप वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी ते समान नियमावलीने जोडलेले असतात. यूपीआयमध्ये जसे कोणत्याही ॲपवरून कोणालाही पैसे देता येतात, तसे कोणत्याही ॲपवरून कोणत्याही दुकानाचा माल घेता यावा, अशी ही कल्पना आहे. पैसे पोचल्याची खात्री क्षणात होते. माल मात्र फुटतो, उशिरा येतो, चुकीचा निघतो. तीन-चार वेगळ्या संस्था गुंतलेल्या असताना अशा तक्रारीचे निवारण कोणी करावे, ही या रचनेची अवघड बाजू आहे.

शासकीय खरेदीसाठी ऑगस्ट २०१६ पासून गव्हर्न्मेंट ई-मार्केटप्लेस (जेम) कार्यरत आहे. केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म व लघू उद्योगांकडून करावी, असे धोरण आहे; त्यात महिलांसाठी ३ टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के हिस्सा राखीव आहे.

विलंबित देणी

२००६ च्या अधिनियमानुसार सूक्ष्म व लघू पुरवठादाराचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, व तसा करार नसल्यास १५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. तक्रार समाधान संकेतस्थळावरून राज्याच्या सुविधा परिषदेकडे करता येते. प्रत्यक्षात मोठ्या ग्राहकाविरुद्ध तक्रार म्हणजे पुढील कामावर पाणी सोडणे, या भीतीने अनेक पुरवठादार गप्प राहतात. बाजारमंच स्वतः खरेदीदार नसून मध्यस्थ असल्याने त्याच्याकडे अडकलेली विक्रीची रक्कम या तरतुदीत सरळ बसत नाही. विक्रेता खाते स्थगित झाल्यास उद्योजकाला प्रामुख्याने मंचाच्या करारातील अटींवरच विसंबावे लागते.

कोल्हापुरी चपलेचे उदाहरण

नाव, नोंदणी व बाजारपेठ यांतील अंतर कोल्हापुरी चपलेच्या बाबतीत ठळक दिसते. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर या आठ जिल्ह्यांतील कारागिरांच्या या उत्पादनाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाची नोंदणी महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ (लिडकॉम) आणि कर्नाटकाचे लिडकार या महामंडळांच्या नावे आहे. ऑनलाइन मंचांवर मात्र कृत्रिम चामड्याच्या, यंत्रावर बनलेल्या चपलाही ‘कोल्हापुरी’ याच नावाखाली शोधात येतात, आणि हाताने शिवलेल्या जोडाशी त्यांची तुलना केवळ किमतीवर होते.

जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरीशी साम्य असलेल्या चपला सादर केल्या. त्यावर समाजमाध्यमांतून टीका झाल्यानंतर, या चपला भारतीय पारंपरिक पादत्राणांवरून प्रेरित असल्याचे कंपनीने मान्य केले. कारागिरांना भरपाई मिळावी यासाठी दाखल झालेली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. मानांकनाच्या नोंदणीकृत धारकांनी स्वतः न्यायालयात यावे, असा त्यामागील मुख्य आधार होता. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने लिडकॉम व लिडकार यांच्याशी सामंजस्य करार केला. त्यानुसार दोन्ही राज्यांतील कारागिरांच्या सहभागाने मर्यादित संख्येत चपला तयार करून त्या कंपनीच्या दालनांतून व संकेतस्थळावरून विकण्याचे ठरले.