क्लाउड आला, तरी लिनक्स शिकायलाच हवं

बहरीनने 2017 साली सरकारी कामकाजासाठी ‘क्लाउड फर्स्ट’ धोरण स्वीकारलं आणि जुलै 2019 मध्ये ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने मध्यपूर्वेतला आपला पहिला रीजन तिथेच सुरू केला. सर्व्हर विकत घेणं, रॅकमध्ये बसवणं ही कामं अशा ठिकाणी डेव्हलपरच्या नजरेआड जातात. मग ऑपरेटिंग सिस्टिम आणि सर्व्हरची देखभाल त्याने शिकायची कशासाठी? प्रश्न रास्त आहे. तरीही शिकायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. कारण यंत्र दिसेनासं झालं, तरी त्याच्या मर्यादा कायम आहेत.

नेहमी आढळणारा एक बिघाड बारकाईने पाहू. कंटेनरला 512 एमबी मेमरी दिलेली असते. महिनाअखेरचा अहवाल काढताना प्रोग्राम सगळ्या नोंदी एकदम मेमरीत ओढतो. मर्यादा ओलांडताच लिनक्सचा कर्नल प्रोसेसला सिग्नल 9 पाठवतो. हा सिग्नल प्रोग्रामला थोपवता येत नाही, त्यामुळे त्याच्या लॉगमध्ये एररची ओळही उमटत नाही. मागे उरतो फक्त 137 हा एक्झिट कोड. तो 128 अधिक 9 असा बनतो हे ज्याला ठाऊक आहे, तो कर्नलच्या लॉगमध्ये खातरजमा करतो आणि नोंदी टप्प्याटप्प्याने वाचण्याची सोय करतो. ज्याला ठाऊक नाही, तो मेमरी दुप्पट करून मोकळा होतो. नोंदी वाढल्या की बिघाड पुन्हा हजर, आणि वाढीव मेमरीचं बिल दर महिन्याला.

‘त्यासाठी डेव्हऑप्सची टीम असते,’ असं यावर म्हटलं जातं. पॅच, बॅकअप, फायरवॉल या जबाबदाऱ्या त्या टीमकडेच असाव्यात. पण मेमरी किती लागेल, उघडलेली फाइल कधी बंद होईल, हे कोड लिहितानाच ठरतं. शिवाय बहरीनमध्ये रविवार कामाचा दिवस आहे, भारतात सुट्टीचा. पुण्यातून तिथल्या ग्राहकाचं काम पाहणाऱ्या डेव्हलपरला अशा वेळी पहिला माग स्वतःच काढावा लागू शकतो. सर्व्हरलेसचा दाखलाही पुरेसा नाही. ॲमेझॉनच्या लॅम्ब्डा या सर्व्हरलेस सेवेत सर्व्हर सांभाळावा लागत नाही, पण मेमरीची मर्यादा तिथेही आहे आणि एका वेळी 15 मिनिटांपलीकडे काम चालत नाही.

प्रत्येकाने ॲडमिनिस्ट्रेटर व्हायची गरज नाही. प्रोसेस, मेमरी, फाइल, परवानग्या, नेटवर्क आणि लॉग एवढं मात्र पक्कं हवं. नव्या डेव्हलपरने एक छोटा लिनक्स सर्व्हर स्वतः उभारावा, आपलाच प्रोग्राम त्यावर चालवावा आणि मेमरी मुद्दाम कमी करून तो कसा बंद पडतो ते पाहावं.