दोन पानं

आश्विन लागला की आपल्या कुडपणच्या व्हाळाचं पाणी निवळतं. आषाढात त्याच्याकडे फिरकायचंसुद्धा नाही, पण आता या, माझ्याशेजारी कातळावर बसा. सोने, मुठीतली लाल माती त्या दगडाच्या टोकाशी धर. हळूहळू सुटू दे.

दिसली रेघ? अलीकडे पाणी धावतंय, पलीकडे दगडाच्या आडोशाला निवांत पडलंय. दोघांच्या मधल्या बांधावरून माती चाललीय. आधी कासऱ्यासारखी सरळ, मग हातभर पुढे तिला बाक येतो. बाक धावत्या पाण्यात घुसला की तिथं पाण्याची वाट चिंचोळी होते, पाणी जास्तच पळतं. पळत्या पाण्याचा दाब घटतो, नि बाक आणखी ओढला जातो. मग प्रवाह त्याचा शेंडा वाकवतो आणि रेघ अंथरुणाच्या वळकटीसारखी गुंडाळत जाते. झाला भोवरा! त्याच्यामागे दुसरा, तिसरा, साधारण सारख्या अंतरानं.

हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८६८ साली याचा विचार मांडला, केल्विननं १८७१ मध्ये गणित केलं. पुढची गोष्ट मला त्याहून आवडते. वेग फार वाढला की भोवरेबिवरे उरत नाहीत, नुसता कालवा होतो, असा बहुतेकांचा समज होता. अमेरिकेत कॅलटेकमध्ये ब्राउन आणि रॉश्को यांनी हीलियम आणि नायट्रोजन वेगवेगळ्या वेगानं शेजारीशेजारी सोडले आणि त्यांच्या सावलीचे फोटो काढले. १९७४ साली ते छापून आले. त्या कालव्यात मोठाले भोवरे रांगेनं चालले होते! बारीक खळबळ त्यांच्या अंगावर होती, रांग मात्र शाबूत. हे रॉश्को आणि आपले सतीश धवन, इस्रोचे, दोघंही लिपमन या एकाच गुरूचे शिष्य बरं का.

आता ही दोन पानं घे. एक या भोवऱ्यात टाक, एक पुढच्यात. शेजारचे दोन भोवरे फुगडी घातल्यासारखे एकमेकांभोवती फिरतात आणि फिरता फिरता एकच होतात. म्हणून खाली कोंडाकडे भोवरे थोडे, पण केवढे! प्रत्येक भोवरा दोन्हीकडचं पाणी पोटात ओढतो; माती पसरते ती अशी.

बघ, बघ, फेर धरला त्यांनी. आता सांग सोने, यातलं तुझं पान कुठलं गं?