पंधरा वर्षांचा मक्ता आणि चाहत्यांचे अर्थशास्त्र

8 डिसेंबर 2025 रोजी भारतीय फुटबॉलमधल्या एका कराराची मुदत संपली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2010 साली आयएमजी-रिलायन्सला 15 वर्षांसाठी, 700 कोटी रुपयांना, देशातल्या फुटबॉलचे व्यापारी हक्क देऊन टाकले होते. इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, त्यातूनच उभी राहिली. करार संपण्याच्या आधीच, जुलैमध्ये, पुढचा हंगाम स्थगित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली नव्या निविदा निघाल्या, पण नोव्हेंबरमध्ये मुदत संपेपर्यंत एकही बोली आली नाही. अखेर जानेवारीत केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांना लीगची तारीख जाहीर करावी लागली. या सगळ्या काळात चाहत्यांवर एक आरोप सतत होत राहिला की ही मंडळी गोल आणि ऑफसाइड सोडून मुक्त बाजार, मक्तेदारी, सरकार आणि पक्ष यांवरच भांडत बसतात. ते भांडतात हे खरे. पण खेळातले निकाल मैदानाऐवजी करारपत्रात ठरू लागले, म्हणून चाहत्यांना करारपत्रे वाचावी लागली. त्यांच्या वादात एक चूक होती, ती वेगळीच.

त्याआधीच्या शंभर वर्षांवर फार शब्द खर्च करायला नकोत. मुंबईचा रोव्हर्स चषक 1891 मध्ये सुरू झाला आणि एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडला. क्लब चालायचे ते कंपन्यांच्या, सरकारी खात्यांच्या आणि गोव्यातल्या खाणमालकांच्या मर्जीवर. 1996 मध्ये राष्ट्रीय लीग आली, 2007 मध्ये तिची आय-लीग झाली. तिची पहिली सहाही विजेतेपदे धेंपो, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर या तीन गोमंतकीय क्लबांनी जिंकली. तेव्हा चाहत्यांचे वाद बचावफळीवरून आणि परदेशी खेळाडूंवरून होत.

2014 च्या ऑक्टोबरमध्ये आठ फ्रँचायझी घेऊन आयएसएल उतरली आणि वादाचा विषय पालटला. इथे पैसे भरून जागा मिळत होती आणि तळाला राहूनही ती जात नव्हती. आय-लीगमध्येही हा रोग शिरला. पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स 2015-16 मध्ये शेवटच्या क्रमांकावर राहिला, पण थेट प्रवेशाबरोबर मिळालेल्या संरक्षणामुळे तो खाली गेला नाही. खाली गेला त्याच्या वरचा, मिझोरमचा आयझॉल एफसी. त्याच वर्षी महासंघाने नवी रचना मांडली. तीत आयएसएल सर्वांत वर होती आणि तिच्यात खालून वर चढायला वाटच नव्हती. निषेध म्हणून साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब दे गोवा यांनी आय-लीग सोडली. द्वितीय विभाग जिंकून नुकताच वर आलेला धेंपोही बाहेर पडला. त्यांच्या रिकाम्या जागेवर आयझॉलला परत घेतले गेले आणि 30 एप्रिल 2017 रोजी तोच आयझॉल देशाचा विजेता झाला. प्रशिक्षक होते खालिद जमील, ज्यांनी त्याआधी अनेक वर्षे मुंबई एफसी सांभाळली होती. ते गेल्यावर त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन बंद पडली. दार उघडे असले की लहान गावाचा क्लब काय करू शकतो, याचा याहून ठळक पुरावा भारतीय फुटबॉलने दिलेला नाही. त्यानंतर दोन वर्षांत, 2019 मध्ये, आय-लीगला अधिकृतपणे दुसऱ्या पायरीवर ढकलण्यात आले. हा निर्णय आजही क्षम्य वाटत नाही.

पुण्याने या दशकात जे गमावले त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी 2012-13 मध्ये आय-लीगचा उपविजेता होता, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तो संपला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एका हंगामात आटोपला. डीएसके शिवाजीयन्सने 2017 मध्ये गाशा गुंडाळला. आयएसएलमधला एफसी पुणे सिटी 2019 मध्ये विसर्जित झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबाद 2022 मध्ये विजेता ठरला, मग पगार थकले, आणि 2025 मध्ये तो संघ दिल्लीला हलला. एका शेडमधले माग खोलून दुसऱ्या शेडमध्ये बसवावेत तसे क्लब शहरे बदलत गेले. माग कुठेही बसवला तरी कापड विणतो, पण क्लब म्हणजे त्याच्या गावची माणसे असतात, आणि ती मागेच राहिली. आयएसएलमधल्याच मुंबई सिटीचे 65 टक्के भागभांडवल 2019 मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने घेतले. 2025 च्या डिसेंबरात त्या ग्रुपनेही काढता पाय घेतला.

अशा काळात चाहत्यांचे दोन तट पडले. एक म्हणे, पैसा लावणाऱ्याला नियम ठरवू द्या, बाजार सगळे मार्गी लावील. दुसरा म्हणे, भांडवलाने खेळ गिळला, आता सरकारनेच तो हाती घ्यावा. मग पक्षांची नावे निघत, आणि वाद तिथेच रुतून बसे. दोन्ही तटांनी एकच गोष्ट गृहीत धरली होती की जे चालले आहे तो बाजार आहे. तो बाजार नव्हताच. ज्यात नव्या स्पर्धकाला खुला प्रवेश नाही, हरणाऱ्याला तोटा नाही आणि सर्व हक्क एकाच हाती 15 वर्षे बांधलेले आहेत, त्याला मक्ता म्हणतात. बाजाराचे समर्थक मक्त्याची पाठराखण करत राहिले आणि विरोधक मक्त्याचा राग बाजारावर काढत राहिले.

सुरतेच्या वाचकाला हा फरक लवकर कळावा. सतराव्या शतकात इंग्रजांची वखार इथे उभी राहिली ती इंग्लंडच्या राणीने 1600 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला दिलेल्या सनदेच्या जोरावर, आणि सनदेबाहेर व्यापार करणारा इंग्रज व्यापारीसुद्धा कंपनीच्या लेखी घुसखोर होता. आजच्या उधना, पांडेसरा, लिंबायतच्या यंत्रमागांचे चित्र उलटे आहे. तिथे कष्ट आहेत, मंदीचे तडाखे आहेत, 2017 मध्ये जीएसटीविरुद्ध व्यापाऱ्यांनी छेडलेले आंदोलनही आहे. पण खान्देशातून आलेल्या माणसाने माग घ्यायचा ठरवला तर कोणा मक्तेदाराची परवानगी लागत नाही. स्पर्धेविना मिळालेला विजयही या शहराने पाहिला आहे. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेस उमेदवाराचा अर्ज बाद झाला, उरलेल्यांनी माघार घेतली आणि 22 एप्रिलला भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. नियमांत बसत असले तरी मतदाराला त्या वर्षी निवड करता आली नाही. बंद लीगमधल्या चाहत्याची स्थिती हीच असते.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा की आयएसएलने पैसा, चांगली मैदाने, परदेशी प्रशिक्षक आणि खेळाडूंना बरे पगार आणले, आणि महिंद्र युनायटेड व जेसीटी तर आयएसएलच्या आधीच बंद पडले होते. गोव्याच्या क्लबांना 2012 च्या खाणबंदीचाही फटका बसला. हे मान्यच करायला हवे. मालकाच्या मर्जीवरचा जुना फुटबॉल टिकणारा नव्हता. पण मक्त्याने मर्जी संपवली नाही, मालकांची संख्या कमी केली. मक्तेदाराने हात आखडताच पूर्ण लीग थांबली, याहून स्पष्ट कबुली कोणती? दुसऱ्या आक्षेपात अमेरिकेचा दाखला दिला जातो, की तिथल्या लीगही बंदच आहेत. खरे आहे, पण तिथे दुबळ्या संघाला नवे खेळाडू निवडण्यात अग्रक्रम मिळतो आणि उत्पन्नाची वाटणी होते. आपण दार बंद करण्याची पद्धत उचलली, पण त्यामागची समतोलाची व्यवस्था नीट उभारली नाही. तिसरा आक्षेप म्हणजे राजकारण खेळाबाहेर ठेवा. ते चाहत्यांनी आत आणलेच नव्हते. 2009 ते 2022 महासंघाचे अध्यक्ष राष्ट्रवादीचे प्रफुल्ल पटेल होते. फिफाच्या निलंबनानंतर झालेल्या निवडणुकीत भाजपचे कल्याण चौबे यांनी बायचुंग भुतियाला 33 विरुद्ध 1 मतांनी हरवले. राजकारण अध्यक्षांच्या खुर्चीत बसलेले असताना प्रेक्षागृहातल्याने गप्प राहावे, हा न्याय नव्हे.

आणि चाहत्यांचे हे भांडण निष्फळही नसते. एप्रिल 2021 मध्ये युरोपातल्या 12 बलाढ्य क्लबांनी बंद सुपर लीग जाहीर केली. इंग्लंडमधले चाहते रस्त्यावर उतरले, हुजूर पक्षाच्या पंतप्रधानांनाही त्यांची बाजू घ्यावी लागली आणि दोन दिवसांत ती योजना कोसळली. जर्मनीत क्लबची बहुसंख्य मते सभासदांकडे राहतात. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या चाहत्यांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने रोखले आणि लीगला गुंतवणूकदाराचा बेत सोडावा लागला. कोलकात्यात मोहन बागानच्या नावापुढे लावलेले एटीके 2023 मध्ये गेले, तेही चाहत्यांच्याच रेट्याने. कोल्हापुरात तालमींचे संघ शाहू स्टेडियम भरवतात, कारण तिथला प्रेक्षक स्वतःला पेठेचा आणि तालमीचा मानतो. तिथेही नेत्यांच्या नावाचे चषक आहेत, पण संघ पेठ सोडून जात नाही.

मक्त्याच्या काळात राष्ट्रीय संघाचे काय झाले? 2017 मध्ये जागतिक क्रमवारीत 96 वर पोहोचलेला भारत 2025 च्या अखेरीस 142 वर घसरला. ऑक्टोबरमध्ये मडगावात सिंगापूरकडून 1-2 असा हरून तो 2027 च्या आशियाई चषकाबाहेर गेला. ज्या गोव्याने सलग सहा विजेते दिले, तिथेच हे घडले.

आता नवा करार होईल तेव्हा चाहत्यांनी पक्षांची भांडणे बाजूला ठेवून चार गोष्टी मागाव्यात. व्यापारी हक्क थोड्या मुदतीसाठीच द्यावेत. वर चढण्याची आणि खाली घसरण्याची तरतूद करारातच असावी आणि तिला अपवाद नसावा. सभासदांच्या संमतीशिवाय क्लब शहराबाहेर जाऊ नये. आणि महासंघात चाहत्यांना मत असावे. यात डावे-उजवे काही नाही. मुक्त स्पर्धेवर श्रद्धा असलेल्याने ती खरोखर मुक्त असावी म्हणून, आणि भांडवलाला धाक हवा म्हणणाऱ्याने तो धाक लेखी असावा म्हणून, या मागण्या एकत्र कराव्यात. 15 वर्षे सगळे हक्क एकाच हाती होते, ते पुन्हा तसे बांधू देऊ नका.